मोटारगाडीतील विद्युद्दोषांचे निदान : मेस्त्रीच्या दिव्यापासून संगणकाच्या संकेतापर्यंत

महाराष्ट्रातील यंत्रविद्येचा इतिहास आजवर प्रामुख्याने कारखान्यांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. किर्लोस्करवाडी केव्हा वसली, कुर्ल्याला मोटारींचा कारखाना कोणी उभारला, आकुर्डी-पिंपरीचा परिसर उद्योगनगरी कसा झाला, यांविषयी बरेच लेखन उपलब्ध आहे. परंतु यंत्र कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर त्याचे आयुष्य ज्यांच्या हाती जाते, त्या दुरुस्ती करणाऱ्या माणसांच्या ज्ञानाचा इतिहास मात्र उपेक्षितच राहिला. वास्तविक मोटारगाडी बनविण्यास काही दिवस पुरतात. ती चालती ठेवण्याचे काम वीस-वीस, तीस-तीस वर्षे चालते. या दीर्घ कालखंडात सर्वांत अधिक बुद्धीची परीक्षा पाहणारा भाग म्हणजे गाडीतील विद्युद्रचना होय. मोडलेला पाटा दिसतो, गळणारे तेल दिसते. वीज मात्र दिसत नाही. म्हणून तिच्या दोषाचे निदान हे नेहमीच चिन्हांवरून करावयाचे अनुमान राहिले आहे. हे अनुमान करण्याची साधने कशी बदलत गेली आणि त्या बदलाबरोबर निदानाचा अधिकार कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

हा प्रश्न केवळ मुंबई-पुण्याच्या दृष्टीने पाहणे पुरेसे नाही. भोर तालुक्यातील उत्रोलीसारख्या गावाच्या दृष्टीने पाहिले असता त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. पंतसचिवांच्या भोर संस्थानाचे १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीनीकरण झाले. नीरेच्या खोऱ्यातील हा भातशेतीचा प्रदेश पुण्यापासून पन्नासेक किलोमीटरवर आहे, आणि पश्चिमेस वरंधा घाटाकडे जावे तसतसे पर्जन्यमान झपाट्याने वाढत जाते. (ज्या घाटातून मुंबई-पुणे लोहमार्ग जातो, त्या बोरघाटाशी भोरचा काही संबंध नाही, पुस्तकांतून हा घोटाळा अजूनही आढळतो.) चार महिने ओल, त्यानंतर धूळ, आणि भाताच्या कोठारांमुळे उंदरांचा सुकाळ, या तिन्ही गोष्टी मोटारीच्या वायरिंगच्या जन्माच्या वैरी आहेत. अशा प्रदेशात गाडीचा दोष ओळखणारा माणूस जवळ असणे वा नसणे ही चैनीची बाब राहत नाही. रुग्णाला दवाखान्यात नेणारी जीप, दूध नेणारा टेम्पो, शाळेची गाडी यांचा दिवस त्यावर अवलंबून असतो.

मोटारीत वीज प्रथम आली ती केवळ ठिणगीपुरती. बॉश कंपनीचा अभियंता गॉटलोब होनोल्ड याने १९०२ मध्ये सिद्ध केलेला उच्च दाबाचा मॅग्नेटो बॅटरीवाचूनच प्लगला ठिणगी पुरवीत असे. दिवे तेलाचे किंवा ॲसिटिलीन वायूचे असत आणि एंजिन हँडल मारून सुरू करावे लागे. १९१२ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग याने विद्युत्‌ स्टार्टर बसविला. त्या दिवसापासून गाडीत बॅटरी, तिला भरणारा डायनामो, ठिणगी, दिवे आणि स्टार्टर यांचे एक परस्परावलंबी कुटुंब निर्माण झाले. मराठी गॅरेजांत या स्टार्टरला आजही ‘सेल्फ’ म्हणतात. ‘सेल्फ मारला पण गाडी उचलत नाही’ हे वाक्य ज्याने ऐकले नाही, असा मोटारमालक विरळा. परस्परावलंबन आले की दोषांचे स्वरूपही बदलते. मॅग्नेटोच्या काळात ठिणगी नसेल तर दोष मॅग्नेटोत, प्लगमध्ये किंवा त्यांमधल्या तारेत. आता मात्र दिवे मंद होण्याचे कारण दिव्यात नसून डायनामोच्या सैल पट्ट्यात असू शकते, आणि सेल्फ न फिरण्याचे कारण सेल्फमध्ये नसून बॅटरीच्या टर्मिनलवरील पांढऱ्या बुरशीत असू शकते. लक्षण एका ठिकाणी आणि व्याधी दुसऱ्या ठिकाणी, हा विद्युद्दोषांचा स्थायीभाव तेव्हापासूनचा आहे.

महाराष्ट्रात या विद्येचा प्रसार दोन वाटांनी झाला. पहिली वाट मुंबईच्या जोडणी-कारखान्यांची. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडी येथे गाड्यांची जोडणी सुरू केली, आणि वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये स्थापन झालेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला प्रथम अमेरिकन आणि नंतर इटालियन फियाट गाड्या घडविल्या. दुसरी वाट सार्वजनिक वाहतुकीची. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. त्यापुढील काळात तालुक्या-तालुक्यांत आगारे झाली, दापोडीसारख्या मध्यवर्ती कार्यशाळा उभ्या राहिल्या, आणि प्रत्येक आगाराला विजेचे काम जाणणाऱ्या माणसांची गरज भासू लागली. १९५० पासूनच्या कारागीर-प्रशिक्षण योजनेतील औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा यांनी या वाटेला शासकीय चौकट दिली. तथापि खेड्यांतील बहुसंख्य इलेक्ट्रिशियन या चौकटीत घडले नाहीत. कोणा मेस्त्रीच्या हाताखाली पाने-पक्कड देत देत ते शिकले. या परंपरेचे लेखी साधन जवळजवळ नाही, आणि संशोधकाची खरी अडचण तीच आहे. कारखान्याने आपले अहवाल छापले. मेस्त्रीने आपले ज्ञान शागिर्दाच्या हातात ठेवले.

आयात-निर्बंधांच्या काळाने या ज्ञानाला एक वेगळे वळण दिले. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर केवळ सुटे भाग आणून जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांना येथे वाव उरला नाही, आणि जनरल मोटर्सनेही आपले काम आवरते घेतले. रस्त्यावर मात्र त्यांच्या गाड्या होत्याच; शिवाय युद्धानंतर लष्कराने विकलेल्या जीपा होत्या. त्यांचे भाग मिळेनासे झाले. नवा भाग मिळतच नसेल तर कारागिराला जुन्या भागाच्या आत शिरावेच लागते. डायनामोचे आर्मेचर उलगडून पुन्हा गुंडाळणे, झिजलेल्या कम्युटेटरला लेथवर साफ करणे, कटआऊटचे पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासून त्यांतील अंतर नजरेने जुळविणे, ही कामे गल्लोगल्ली होऊ लागली. मद्रासजवळ पाडी येथे १९६१ मध्ये लुकास-टीव्हीएसची स्थापना झाली आणि स्टार्टर-डायनामो देशात बनू लागले, तरी ही सवय सुटली नाही. पुष्कळदा या काटकसरीचे ‘जुगाड’ म्हणून कौतुक किंवा उपहास केला जातो. दोन्ही उथळ आहेत. भाग बदलणाऱ्याला भाग बिघडला एवढेच कळले तरी पुरते. भाग दुरुस्त करणाऱ्याला तो का बिघडला हे कळावे लागते. निदानाच्या दृष्टीने हा फरक मूलभूत होय.

त्या काळच्या विविधतेचाही येथे विचार केला पाहिजे. लुकासच्या रचनेतील ब्रिटिश गाड्यांत साठच्या दशकापर्यंत बहुधा बॅटरीचा धन ध्रुव गाडीच्या सांगाड्याला जोडलेला असे. फियाटमध्ये ऋण ध्रुव. लष्करी विलीस जीप सहा व्होल्टची, तर इतर अनेक गाड्या बारा व्होल्टच्या. लुकासच्या पद्धतीत तपकिरी तार बॅटरीकडून थेट येणारी, पांढरी चावीनंतरची, हिरवी चावी आणि फ्यूज या दोहोंनंतरची, काळी सांगाड्याकडे जाणारी, असा रंगांचा संकेत होता. अन्य देशांच्या गाड्यांत तो निराळा. एकाच मेस्त्रीला या साऱ्या लिपी वाचाव्या लागत. ध्रुवांच्या गोंधळाची शिक्षाही काळानुसार बदलली. डायनामोच्या गाडीला बॅटरी उलटी जोडली तर डायनामोचे ध्रुव पुन्हा जुळवून बहुधा निभावून नेता येई. १९६० पासून क्रायस्लरने व्हॅलिअंट गाडीत बसविलेला आणि पुढे सर्वत्र रूढ झालेला आल्टरनेटर मात्र अशी चूक खपवून घेत नाही. त्यातील डायोड क्षणात जळतात.

मेस्त्रीचे मुख्य हत्यार म्हणजे टेस्ट लॅम्प. एक होल्डर, त्यात बारा व्होल्टचा लहान बल्ब, दोन तारा. एका तारेला चिमटा, दुसरीला टोकदार सुई. चिमटा सांगाड्याला लावावयाचा आणि सुई संशयित तारेला. दिवा लागला तर तेथवर करंट आहे. न लागला तर मागे जावयाचे. हुशार कारागीर एका टोकापासून निघत नाही, मार्गाच्या मधोमध सुई टेकवितो, म्हणजे अर्धी तार एकाच तपासणीत निर्दोष ठरते. रात्रभरात बॅटरी बसत असेल तर तो बॅटरीची ऋण केबल सोडवून केबल आणि टर्मिनल यांच्यामध्ये हाच दिवा जोडतो. गाडीतील सारे बंद असूनही दिवा लागला तर कोठेतरी गळती आहे. मग एकेक फ्यूज काढीत जावयाचे. ज्या फ्यूजला दिवा विझेल, त्या शाखेत चोर. या पद्धतीत ओहमने १८२७ मध्ये मांडलेला नियम प्रत्यक्ष वावरत असतो, मग तो उच्चारला जावो वा न जावो.

मेस्त्रीच्या परिभाषेत सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘अर्थ’ हा होय. मोटारीत परतीची तार नसते. गाडीचा लोखंडी सांगाडाच परतीचा मार्ग असतो. जेथे तार सांगाड्याला बोल्टने आवळलेली असते तेथे गंज चढला, की वीज परतीची अन्य वाट शोधते. एका बाजूचा इंडिकेटर लावला की मागचे दोन्ही दिवे मंद लुकलुकू लागतात. ब्रेक दाबला की डॅशबोर्डवर भलताच दिवा उजळतो. हॉर्न वाजविला की पेट्रोलचा काटा हलतो. नवशिक्या इंडिकेटर बदलतो, हॉर्न बदलतो. जाणता माणूस प्रथम अर्थचा बोल्ट सोडवून घासतो. इंग्रजीतून आलेला हा शब्द मराठीत आधीपासून असलेल्या ‘अर्था’शी येऊन मिळाला. त्यामुळे ‘अर्थ लागत नाही’ ही गॅरेजातील तक्रार संस्कृतच्या वर्गातील तक्रारीहून कानाला वेगळी वाटत नाही, आणि दोन्हीकडे बहुधा उपायही एकच असतो. मागे जाऊन संबंध कोठे तुटला ते पाहणे. भाषा संचालनालयाच्या स्थापनेनंतर शास्त्रीय परिभाषा मोठ्या प्रमाणावर घडविली गेली. पण कटआऊट, कॉइल, शॉर्ट, लूज, मिसिंग या गॅरेजच्या शब्दांना ती हलवू शकली नाही. कारागिराला शब्दाच्या व्युत्पत्तीशी नव्हे, तर त्याच्या अचूकतेशी काम असते.

आता डॅशबोर्डवरील सूचक दिव्यांकडे वळणे आवश्यक आहे, कारण या इतिहासातील खरे स्थित्यंतर त्यांच्यातच घडले. प्रारंभी डॅशबोर्डवर काटे असत: तेलाच्या दाबाचा, करंटचा, तापमानाचा. १९३० च्या दशकात अमेरिकेतील हडसन कंपनीने काट्यांऐवजी दिवे वापरण्यास आरंभ केला आणि यथावकाश ती पद्धत सर्वत्र पसरली. काटा ‘किती’ हे सांगतो. दिवा केवळ ‘आहे’ वा ‘नाही’ एवढेच. अमेरिकन चालकांनी या दिव्यांना मूर्खांचे दिवे असे हेटाळणीचे नाव दिले होते. हा उपहास अन्यायाचा होता, निदान चार्जिंगच्या दिव्याच्या बाबतीत.

डायनामोच्या गाडीत चार्जिंगचा लाल दिवा एका बाजूने चावीच्या स्विचला आणि दुसऱ्या बाजूने डायनामोला जोडलेला असे. चावी फिरविली, एंजिन बंद आहे, तर डायनामोकडे दाब शून्य. म्हणून बॅटरीचा करंट दिव्यातून डायनामोमार्गे सांगाड्यात जातो आणि दिवा लागतो. एंजिन सुरू होऊन डायनामोचा दाब बॅटरीइतका झाला की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब, म्हणून दिवा विझतो. म्हणजे हा दिवा कोणाचा निरोप आणीत नव्हता. तो त्या मंडलाचाच एक अवयव होता. त्याच्या प्रत्येक अवस्थेला अर्थ होता. चावी फिरवूनही तो लागलाच नाही तर बल्ब गेला किंवा डायनामोचे कार्बन ब्रश टेकत नाहीत. धावत्या गाडीत लख्ख लागला तर पट्टा तुटला किंवा डायनामो बंद पडला. मंद लुकलुकत राहिला तर मार्गात कोठेतरी दाब खाल्ला जात आहे. आल्टरनेटर आल्यावर तर या दिव्याचे महत्त्व आणखी वाढले. अनेक रचनांत आल्टरनेटरला जागृत करणारा पहिला करंट या दिव्यातूनच जाई. दोन-तीन रुपयांचा बल्ब उडाला म्हणून गाडी चार्ज होत नाही, हे कोडे त्या काळच्या कित्येक मालकांनी नवा आल्टरनेटर घेऊन सोडविले असेल.

या दिव्याच्या शेजारी जेव्हा पिवळा ‘चेक एंजिन’चा दिवा येऊन बसला, तेव्हा दिसण्यात फारसा फरक पडला नाही, पण जात बदलली. हा दिवा कोणत्याही मंडलाचा अवयव नाही. गाडीतील संगणक अनेक संवेदकांची मापे घेतो, ती ठरावीक मर्यादांशी ताडून पाहतो आणि आपल्या मते काही बिघडले असेल तर दिवा लावतो. पूर्वीचा दिवा ही घटना होती. हा दिवा म्हणजे एक अभिप्राय आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना शिलालेख आणि बखर यांतील भेद समजावून सांगण्याची गरज नाही. दोन्हींचे मोल आहे. परंतु बखर वाचताना ती कोणी, कोणासाठी, कोणत्या माहितीवर लिहिली हे विचारावे लागते.

या दिव्याचा जन्म चालकाच्या सोयीसाठी झाला नव्हता, ही गोष्ट बहुधा विसरली जाते. त्याचे मूळ हवेच्या प्रदूषणात आहे. कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या गाड्यांपासून उत्सर्जनावर लक्ष ठेवणारी आत्मनिदानाची यंत्रणा सक्तीची केली. १९९६ पासून संपूर्ण अमेरिकेत तिची दुसरी, एकसारख्या सोळा पिनांच्या सॉकेटची आवृत्ती आली. युरोपात पेट्रोल गाड्यांना हा नियम २००१ पासून लागू झाला. भारतात १ एप्रिल २०१० रोजी तेरा शहरांत भारत स्टेज चारचे निकष अमलात आले. त्यांत महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि सोलापूर ही शहरे होती. त्याच सुमारास आत्मनिदानाचा पहिला टप्पा सुरू झाला आणि १ एप्रिल २०१३ पासून दुसरा. संपूर्ण देशात भारत स्टेज चार १ एप्रिल २०१७ रोजी, तर भारत स्टेज सहा १ एप्रिल २०२० रोजी लागू झाले. सारांश, ज्याला मेस्त्री ‘एंजिनची लाईट’ म्हणतो ती वस्तुतः धुराड्याची लाईट आहे. तिला ठिणगी चुकण्याची चिंता असते ती चुकलेल्या ठिणगीमुळे न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जाळील म्हणून. गंमत अशी की या दोषाला मराठी गॅरेजांत पूर्वीपासूनच ‘गाडी मिसिंग करते’ असे म्हणत आले आहेत.

या यंत्रणेच्या तर्कशास्त्रात काही गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पुष्कळ दोषांच्या बाबतीत दिवा पहिल्या खेपेस लागत नाही. लागोपाठ दोन फेऱ्यांत तोच दोष दिसला तरच लागतो. पुढे तीन फेऱ्या निर्दोष गेल्या तर विझतो, मात्र नोंद बराच काळ स्मृतीत राहते. दोष प्रथम दिसला त्या क्षणीचा वेग, तापमान, भार यांचीही एक नोंद गोठवून ठेवलेली असते. कायम न राहणाऱ्या दोषांच्या बाबतीत ही नोंद अमोल आहे. पावसात वरंध्याच्या चढावर येणारा आणि गॅरेजमध्ये कोरड्यात नाहीसा होणारा दोष पूर्वी केवळ मालकाच्या आठवणीत असे. आता तो लेखी असतो. आणि नेमका हाच दस्तऐवज अनेकदा सर्वप्रथम नष्ट केला जातो. स्कॅनर लावावयाचा, कोड पुसावयाचा, दिवा विझाला म्हणून पैसे घ्यावयाचे, ही रीत सर्रास आहे. तिला दुरुस्ती म्हणता येत नाही. ते साधन फाडून टाकणे झाले.

दुसरी गैरसमजूत अशी की कोड बिघडलेल्या भागाचे नाव सांगतो. तो सांगतो ते निरीक्षण. पी ०१७१ हा कोड मिश्रणात हवेचे प्रमाण अधिक झाल्याचे कळवितो. ते फाटलेल्या व्हॅक्यूम नळीमुळे, अशक्त पेट्रोल पंपामुळे किंवा मळलेल्या हवामापकामुळेही होऊ शकते. तरीही त्यापायी निर्दोष ऑक्सिजन सेन्सर बदलले जातात. यू ०१०० हा कोड मुख्य संगणकाशी संपर्क तुटल्याचे सांगतो. पण संपर्क तुटणे म्हणजे संगणक मरणे नव्हे. बॉशने १९८६ मध्ये जाहीर केलेल्या कॅन पद्धतीत गाडीतील अनेक संगणक दोन पिळलेल्या तारांवरून परस्परांशी बोलतात, आणि त्या तारांतील एखादा जोड ओला झाला तरी सभेत गोंधळ माजतो.

येथे जुन्या मेस्त्रीचा ‘अर्थ’ पुन्हा पुढे येतो. एकाच वेळी ब्रेकचा, स्टिअरिंगचा, एअरबॅगचा आणि एंजिनचा असे चार-पाच दिवे लागले तर चार-पाच यंत्रे एकदम बिघडण्याचा संभव थोडा. त्या सर्वांना समाईक असलेली बॅटरी, चार्जिंग किंवा सांगाड्याचा जोड बिघडण्याचा संभव फार. निदानाचा क्रम त्यामुळे ठरतो. गाडी उभी असताना बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट, एंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. बॅटरीचा ऋण ध्रुव आणि एंजिनचा ठोकळा यांच्यामध्ये भार असताना दाब मोजावा, तो ०.२ व्होल्टपेक्षा अधिक आढळला तर अर्थ खराब समजावा. टेस्ट लॅम्पने हा दोष पुष्कळदा पकडला जात नाही, कारण दहा व्होल्टलाही दिवा लागतोच. त्यासाठी मल्टिमीटर हवा. गळती शोधण्याचीही रीत बदलली. गाडीतील संगणक निजेपर्यंत काही वेळ थांबावे लागते, नाहीतर त्यांचा नेहमीचा करंटच चोर वाटतो. सारे निजल्यावर ५० मिलिअँपिअरच्या आत प्रवाह असेल तर चिंता नसते. फ्यूज उपटले तर संगणक जागे होतात, म्हणून फ्यूज जागेवर ठेवून त्याच्या दोन टोकांमधील सूक्ष्म दाब मोजतात. आणि संवेदकांच्या नाजूक पाच व्होल्टच्या तारांना जुना टेस्ट लॅम्प टेकविणे धोक्याचे; तो ओढतो तेवढा प्रवाह संगणकाच्या आतील भागाला सोसत नाही. हत्यार बदलले, क्रम मात्र तोच राहिला: आधी पुरवठा, मग परतीची वाट, आणि सर्वांत शेवटी यंत्र.

पावसाळी प्रदेशात तर याचा प्रत्यय पदोपदी येतो. जोडणीच्या कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी तारेच्या बारीक पदरांमधून केशाकर्षणाने आत चढते, तांब्यावर हिरवा थर धरते, आणि बाहेरून धडधाकट दिसणारी तार आतून कुजते. उंदराने कुरतडलेली वायर निदान दिसते तरी. ही दिसत नाही. स्कॅनर यांपैकी काहीच सांगत नाही. तो कळवितो केवळ ‘संकेत नाही’. तेथून पुढे हाताने तार हलवून, पाणी शिंपडून, मीटरचा आकडा पाहत राहणारा माणूसच लागतो.

असा माणूस उत्रोलीत वा भोरमध्ये मिळावा की मालकाने प्रत्येक दिव्यासाठी पुण्याकडील अधिकृत सेवाकेंद्र गाठावे, हा प्रश्न केवळ कौशल्याचा राहिला नाही. सोळा पिनांच्या सॉकेटमधून उत्सर्जनाशी संबंधित माहिती कोणालाही वाचता येते. परंतु एअरबॅग, ब्रेक, कुलपांचे संगणक, नव्या चावीची नोंद यांसाठी कंपनीचे खास उपकरण आणि तिची पुस्तिका लागते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ मध्ये ही माहिती स्वतंत्र दुरुस्तीकारांना देण्याच्या बाजूने कौल दिला. युरोपीय संघाने २००७ च्या नियमनातच तशी तरतूद केली होती. भारतात २०११ मध्ये एका ग्राहकाच्या तक्रारीवरून हा प्रश्न स्पर्धा आयोगापुढे आला. आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिलेल्या निर्णयात चौदा मोटार-उत्पादकांनी सुटे भाग, दुरुस्ती-पुस्तिका आणि निदानाची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देऊन स्पर्धेचा भंग केल्याचे ठरविले आणि एकूण २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे अपिले झाली, आणि २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत दंडाची रक्कम मोजण्याचा पाया बदलून ती कमी केली. दंडाच्या आकड्यापेक्षा त्या निर्णयातील एक गोष्ट इतिहासकाराला अधिक महत्त्वाची वाटावी: ‘निदानाचे उपकरण’ ही वस्तू बाजारातील सत्तेचे साधन असू शकते, हे त्यात अधिकृतपणे मान्य झाले. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली, तेव्हा तिच्या चार क्षेत्रांत शेतीची अवजारे आणि मोटारवाहने या दोहोंचा समावेश केला. भोरसारख्या तालुक्यात ट्रॅक्टर आणि जीप बहुधा एकाच मेस्त्रीकडे येतात, हे पाहता ही दोन क्षेत्रे शेजारी ठेवली गेली हे योग्यच झाले.

कंपन्यांच्या बाजूने मांडला जाणारा सुरक्षिततेचा मुद्दा सर्वस्वी पोकळ नाही. एअरबॅगच्या मंडलात सुई खुपसणारा अर्धशिक्षित कारागीर स्वतःला आणि इतरांना इजा करू शकतो. पण त्यावर उपाय शिक्षणाचा आहे, कुलपाचा नव्हे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून स्कॅनर हाताळणे शिकविले जाते. तरी स्कॅनरवर दिसलेल्या वाक्याची शहानिशा मल्टिमीटरने कशी करावी, यावर किती तास खर्च होतात, हा चौकशीचा विषय आहे.

मुंबईच्या तारदेव येथे २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. तिच्याबरोबर टेस्ट लॅम्पने आमूलाग्र वाचता येणाऱ्या गाड्यांची पिढी मुंबईच्या टॅक्सीतळांवरून नाहीशी झाली. खेड्यापाड्यांत अशा गाड्या, जुन्या जीपा आणि ट्रॅक्टर अजून आहेत आणि त्यांच्यावर हात बसलेली माणसेही आहेत. त्यांनी तारांचे रंग उतरवून घेतलेल्या वह्या, स्वतः काढलेली मंडलांची चित्रे, जुन्या गॅरेजांची बिलबुके, आगारांतील दुरुस्तीच्या नोंदी हे सारे साहित्य विद्यापीठांच्या दप्तरखान्यांत येण्याची वाट अद्याप कोणी आखलेली नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारींत तीनशे-चारशे व्होल्टच्या नारिंगी केबली आल्या आहेत आणि त्यांना प्रशिक्षणावाचून हात लावणे प्राणावर बेतू शकते. तथापि त्या गाड्यांतही दिवे, कुलपे आणि संगणक जागे करण्यासाठी बहुधा एक लहान बारा व्होल्टची बॅटरी असतेच. आणि ती बसली की शेकडो किलोमीटर चालण्याइतकी वीज पोटात असूनही गाडी जागची हलत नाही, डॅशबोर्डवर मात्र सगळे दिवे लागतात.